चंबळच्या वाळूवरचे पाणचिरे

पहिला दिवस : ग्वाल्हेर ते मोरेना

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने निघाले की दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेर येते. मे महिन्याचा पहिला आठवडा होता आणि डब्यातून उतरताच लू अंगावर आली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या मावशीचे घर आहे. शिंद्यांच्या काळात इकडे येऊन इथलीच झालेली जी अनेक मराठी घरे आहेत, त्यांपैकी ते एक. मावसभाऊ, ज्याला घरात सगळे दादा म्हणतात, तो अनेक वर्षे या भागातले पक्षी पाहत आला आहे आणि या प्रवासाच्या परवानग्या त्यानेच काढून ठेवल्या होत्या. मावशीच्या आग्रहाखातर दोन घास खाऊन आम्ही लगेच मोरेन्याकडे निघालो, कारण पहाटेची बोट गाठायची तर रात्रीचा मुक्काम तिथेच असणे सोयीचे होते.

वाटेत दोन्ही बाजूंना मोहरी आणि गहू काढून रिकामी झालेली शेते पसरली होती. मोरेना जिल्हा मोहरीसाठी ओळखला जातो आणि या पिकामागे चंबळचेच पाणी आहे. इंदूरजवळच्या महू परिसरातील जानापावच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी सुमारे ९६० किलोमीटर वाहून उत्तर प्रदेशात यमुनेला मिळते. तिच्या वाटेत गांधीसागर, राणा प्रताप सागर आणि जवाहर सागर ही तीन धरणे आहेत आणि त्यांच्या खाली कोटा बराज हा दरवाजे असलेला बंधारा आहे. या बराजमधून निघालेला उजवा कालवा राजस्थान ओलांडून मध्य प्रदेशात येतो आणि श्योपुर, मोरेना, भिंड या जिल्ह्यांतील जमीन भिजवतो. ज्या शेतकऱ्याच्या आजोबांनी केवळ पावसाच्या भरवशावर बाजरी घेतली, त्याच्यासाठी हे पाणी म्हणजे नशीब पालटणारी गोष्ट होती, आणि त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार नळाखाली भांडे धरणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. तरीही कालव्यात गेलेले पाणी नदीत उरत नाही, हे खरेच आहे. आणि ज्या पक्ष्यासाठी आम्ही आलो होतो त्याचे सारे जगणे उन्हाळ्यात नदीत किती पाणी उरते यावर अवलंबून आहे.

पाणचिरा, म्हणजे इंग्रजी नावाने इंडियन स्किमर, हा मोठ्या आणि संथ वाहणाऱ्या, वाळूची बेटे असलेल्या नद्यांचा पक्षी आहे. एके काळी तो सिंधूच्या खोऱ्यापासून म्यानमारमधल्या इरावतीपर्यंत आणि त्याही पलीकडे मेकाँगच्या काठापर्यंत आढळत होता. लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम या देशांतून तो नाहीसा झाला आहे आणि म्यानमारमध्येही त्याचे दर्शन अतिशय दुर्मीळ झाले आहे. जगात आज त्याचे तीन हजारांहून कमी प्रौढ पक्षी उरले असावेत असा अंदाज असून, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये त्याला अधिक गंभीर अशा ‘संकटग्रस्त’ गटात टाकले. हिवाळ्यात हे पक्षी जामनगरच्या किनाऱ्यावर, काकीनाड्याजवळ किंवा बांगलादेशात मेघनेच्या मुखाशी थव्यांनी दिसतात, परंतु वीण करण्यासाठी त्यांना नदीतली वाळूच लागते, आणि त्यासाठी उरलेल्या मोजक्या जागांमध्ये चंबळचे स्थान फार वरचे आहे.

दुसरा दिवस : राजघाट

मोरेन्याहून धौलपूरकडे जाताना महामार्ग आणि रेल्वे चंबळ ओलांडतात, तिथेच राजघाट आहे. नदीचा अलीकडचा काठ मध्य प्रदेशात आणि पलीकडचा राजस्थानात. उजाडण्याआधीच आम्ही घाटावर पोचलो. रात्रभर तापून राहिलेली हवा त्या वेळी थोडी निवली होती. नावाडी पन्नाशीचे गृहस्थ होते. ते दादाला ‘मास्टरजी’ म्हणत होते आणि दादा त्यांना ‘चाचा’. बोटीत बसण्याआधी त्यांनी दोन अटी सांगितल्या : कोणत्याही बेटावर पाय ठेवायचा नाही आणि पक्षी उडू लागले की कितीही चांगले छायाचित्र मिळत असले तरी बोट मागे घ्यायची. या अटी पर्यटकांना जाचक वाटतात असे ते म्हणाले. मला त्या ऐकून हायसे वाटले.

दोन्ही तीरांवर मातीचे बीहड, म्हणजे खोल घळींनी चिरलेले कडे, उभे होते. चंबळ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दरोडेखोर येतात. द्रौपदीने शापिलेली म्हणून आणि बागींच्या, म्हणजे दरोडेखोरांच्या, धाकामुळेही या नदीकाठी मोठी शहरे, कारखाने आणि तीर्थक्षेत्रे फारशी वाढली नाहीत, असे इथे सगळेच सांगतात. कारण काहीही असो, उत्तर भारतातील एवढ्या मोठ्या नद्यांमध्ये इतके स्वच्छ पाणी क्वचितच पाहायला मिळते. १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांत मिळून इथे राष्ट्रीय चंबळ अभयारण्य घोषित झाले, ते मुख्यतः घडियाल ही लांब, बारीक जबड्याची मगर वाचवण्यासाठी. त्या सावलीत पाणचिरे, गंगेतील डॉल्फिन आणि डोक्यावर लाल पट्टे मिरवणारी दुर्मीळ नदीकासवे यांनाही आसरा मिळाला.

पहिला पाणचिरा दिसण्याआधी त्याचा आवाज आला, नाकातून काढल्यासारखा, तुटक, ‘क्याप, क्याप’ असा. मग उजेड पुरेसा झाला आणि पाण्याला जवळजवळ चिकटून दोन पक्षी समोरून आले. पाठ आणि डोके काळे, मान आणि पोट पांढरे, पाय तांबडे, आणि चोच अशी की पक्ष्यांची चित्रे काढणाऱ्याने चुकून अर्धी खोडली असावी असे वाटावे : वरचा भाग आखूड आणि खालचा त्याहून बराच लांब. रंग नारिंगी, टोकाकडे पिवळसर. दोन्ही बाजूंनी दाबून विळीच्या पात्यासारखी पातळ केलेली ही खालची चोच पाण्यात बुडवून पक्षी सरळ रेषेत उडत होते, आणि त्यांच्या मागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटत होती. चोचीला मासा लागताच मान झटक्यात खाली वळते आणि वरची चोच मिटते. हे सगळे इतक्या वेगात होते की दुर्बिणीतून पाहतानाही मासा चोचीत आल्यावरच काय घडले ते कळते. पंख मात्र पाण्याला लागत नाहीत. दोन हातांहून अधिक पसरणारे लांब पंख ते पाठीच्या वरच्या बाजूलाच हलवतात, म्हणून इतक्या खाली उडणे त्यांना जमते.

अशी शिकार करायला पाणी संथ, उथळ आणि पृष्ठभागावर निश्चल असावे लागते. वारा सुटला, लाटा उठल्या की चोचीची ती रेघ टिकत नाही. म्हणूनच हे पक्षी पहाटे, सायंकाळी आणि चांदण्या रात्री अधिक मासे पकडतात. त्यांच्या डोळ्यांची बाहुली भर उन्हात उभ्या फटीसारखी बारीक होते आणि अंधारात चांगली मोठी उघडते. दिवस वर आला तसे ते बेटाकडे परतू लागले.

हे बेट कुठे आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही. वीणकाळात नेमकी जागा जाहीर झाली की छायाचित्रकारांच्या गाड्या येतात, आणि मेच्या उन्हात पक्ष्याला घरट्यावरून दहा मिनिटे उठवणे म्हणजे अंडी वाळूत भाजून काढणे होय. नदीच्या मधोमध वाळूचा एक लांबट, बुटका उंचवटा होता, एवढे सांगणे पुरे. त्यावर पाणचिऱ्यांच्या जोडीला इतर पक्षीही होते : नदी सुरय (इंग्रजीत टर्न) होते, छोट्या आर्ली होत्या, कडेला मोठा करवानक होता आणि पुष्कळ शोधल्यावर काळ्या पोटाचा एक सुरयही दिसला. हा सुरय पाणचिऱ्यापेक्षा कमी संकटात नाही, पण त्याची चर्चा त्या मानाने फार कमी होते. पुण्याजवळच्या भिगवणला नदी सुरय पाहून सरावलेल्या डोळ्यांना तो पटकन वेगळा कळत नाही. पोटावरचा काळा रंग दिसेपर्यंत थांबावे लागते.

पाणचिऱ्यांचे घरटे म्हणजे वाळूत छातीने घासून केलेला उथळ खळगा. गवताची काडी नाही, आडोसा नाही. त्यात मातकट, काळसर ठिपक्यांची तीन ते पाच अंडी असतात आणि ती वाळूत अशी मिसळतात की चालणाऱ्या माणसाला पाय पडल्यावरच समजावे. एक पक्षी घरट्यावर बसलेला, पण पूर्ण टेकलेला नाही, तर अंड्यांवर सावली धरून किंचित उठलेला. त्याचा जोडीदार पाण्यावरून उडत आला, काठाशी पोट पाण्याला लावून पिसे भिजवली आणि येऊन त्याच्या जागी बसला. या ओल्या पिसांनी अंड्यांची उष्णता कमी होते. दुपारी तिथल्या वाळूवर अनवाणी पाऊल ठेवणे माणसाला शक्य नसते, आणि त्या वाळूत हे पक्षी तीन आठवड्यांहून अधिक काळ अंडी जपतात.

तिसरा दिवस : राखणदाराबरोबर

या दिवशी नदीवर न जाता आम्ही काठाने गेलो. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, जी १८८३ पासून भारतातील पशुपक्ष्यांचा अभ्यास करत आली आहे, तिने २०१७ पासून चंबळवर पाणचिऱ्यांचे काम हाती घेतले आहे. नदीकाठच्या गावांतील लोकांनाच घरट्यांचे राखणदार नेमायचे, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. हे काम उभे करणाऱ्या परवीन शेख यांना २०२५ मध्ये ‘व्हिटली’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि या काळात चंबळवरील पाणचिऱ्यांची संख्या सुमारे ४०० वरून १,००० च्या आसपास गेली. घटत चाललेल्या पक्ष्याच्या बाबतीत असा आकडा वाचायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि तो कशातून आला हे मला पाहायचे होते.

आम्हाला भेटलेले राखणदार पूर्वी उन्हाळ्यात नदीपात्रात कलिंगडे आणि काकड्या लावत. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या वाळूवर अशी शेती सगळ्याच मोठ्या नद्यांत होते, आणि पाणचिऱ्यांची अंडी नेमकी त्याच वाळूत, त्याच महिन्यांत असतात. आता ते काठावर बांबू आणि जुन्या चादरींचा आडोसा करून दिवसभर बेटावर नजर ठेवतात. त्यांच्याजवळ एक वही होती. तारीख, घरट्यांचा अंदाज, कोणते जनावर आले, कोणता माणूस उतरला, वारा होता की नाही, असे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले होते. बऱ्याच पानांवर एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता : कुत्ते.

माझ्यासाठी या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची वस्तू वही नसून एक काठी ठरली. काठ आणि बेट यांच्यामध्ये वाहणाऱ्या पाण्यात त्यांनी बांबूची काठी रोवली होती आणि तिच्यावर विटकरी रंगाने खुणा केल्या होत्या. वरची खूण मार्चमधली, पक्षी बसायला लागले तेव्हाची. तिच्या खाली एप्रिलची. आणि सध्याचे पाणी त्याहूनही हातभर खाली. काठीच्या बुडाशी आडवी रेघ होती, तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले की पाणी इथे आले की कुत्रा पोहत नाही, चालत जातो.

पाणचिऱ्याला झाड नको, कुंपण नको, माणसाने बांधलेले काहीही नको. त्याला बेटाभोवती कंबरभर तरी वाहते पाणी हवे, आणि तेही फक्त मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत. हे पाणी आटले की बेट काठाला जोडले जाते. मग कुत्री येतात, कोल्हे येतात, पाणी प्यायला निघालेली गुरे खळग्यांवरून चालत जातात. उलट वरच्या धरणातून एकाएकी पाणी सुटले, तर बुटक्या बेटावरची सगळी घरटी एका रात्रीत वाहून जातात. दोन्ही बाजूंनी अंतर काही फुटांचेच आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०११ मध्ये चंबळच्या किमान प्रवाहाचा अभ्यास केला होता. त्यात घडियालांसाठी सेकंदाला सुमारे १५१ घनमीटर आणि डॉल्फिनसाठी २६६ घनमीटरांहून अधिक पाणी आवश्यक असल्याचे मांडले आहे. उन्हाळ्यात प्रत्यक्षात वाहणारे पाणी याच्या बरेच खाली जाते. राखणदारांना हे आकडे माहीत नव्हते. त्यांची काठी तेच सांगत होती.

आता या नदीवर आणखी एका मोठ्या योजनेचे काम होऊ घातले आहे. पार्वती, कालीसिंध आणि चंबळ या नद्या जोडून पूर्व राजस्थान व माळव्याला पाणी देण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली. पार्वती आणि कालीसिंध या दोन्ही चंबळच्याच उपनद्या आहेत, आणि त्या कोटा बराजच्या खाली तिला मिळतात. बराजमध्ये अडलेल्या पाण्याची तूट खालच्या भागात काही अंशी याच नद्या भरून काढतात. पावसाळ्यातले जादा पाणीच वळवायचे आहे, असे योजनेच्या बाजूने सांगितले जाते. तसे खरोखरच झाले आणि उन्हाळ्यातल्या प्रवाहाला हात लागला नाही, तर पक्ष्यांचे फारसे बिघडणार नाही. माझी शंका एवढीच आहे की दुष्काळी वर्षात, शहरे आणि शेते दोन्ही पाणी मागत असताना, वाळूतल्या अंड्यांसाठी पाणी सोडण्याचा आग्रह कोण आणि कोणत्या नियमाच्या आधारे धरणार. किमान प्रवाहाचा आकडा प्रकल्पाच्या कागदांत बंधनकारक म्हणून लिहिला गेला पाहिजे, महिन्यागणिक लिहिला गेला पाहिजे आणि राजघाटावर तो मोजला गेला पाहिजे. याहून कमी काहीही मला पुरेसे वाटत नाही.

अंधार पडल्यावर परतताना गावाबाहेरच्या रस्त्यावर वाळूने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागून एक जाताना दिसल्या, बहुतेकांना दिवे नव्हते. अभयारण्यातून वाळू काढायला बंदी आहे हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. तरीही आसपासच्या शहरांमध्ये इमारती उठत आहेत आणि चंबळची वाळू त्यांना हवी आहे. या धंद्याचा धाक किती आहे हे सांगायला २०१२ ची घटना पुरे : मोरेना जिल्ह्यात अवैध उत्खननाचा दगड नेणारा ट्रॅक्टर अडवणाऱ्या एका तरुण आयपीएस अधिकाऱ्याला त्याच ट्रॅक्टरखाली जीव गमवावा लागला. दादाने गाडी कडेला घेतली, दिवे मंद केले आणि ट्रॉल्या पुढे जाईपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

चौथा दिवस : देवरी

दुपारच्या उन्हात नदीवर जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून मोरेन्याजवळच्या देवरी येथील घडियाल केंद्र पाहिले. नदीकाठच्या वाळूतून घडियालांची अंडी आणून इथे उबवतात आणि पिल्ले पुरेशी मोठी झाली की त्यांना चंबळमध्ये सोडतात. टाक्यांमध्ये गेल्या वर्षीची पिल्ले एकमेकांवर पडून होती, जबडे काडीसारखे बारीक. अंडी काढून आणण्याचा हा उपाय पाणचिऱ्यांसाठी उपयोगी नाही, हे मला तिथे उभे असताना नीट कळले. पाणचिऱ्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या चोचीचे दोन्ही भाग सारख्याच लांबीचे असतात. खालची चोच पुढे वाढत जाते आणि ती पुरेशी लांब होईपर्यंत आईबापांनी आणलेल्या माशांवरच त्याला जगावे लागते. पाण्यावर रेघ ओढत मासे धरण्याची कला त्याला शिकवणारे दुसरे कोणी नाही. घडियाल टाकीत वाढवून नदीला परत देता येतो, पाणचिऱ्याला नदीनेच वाढवावे लागते.

पाचवा दिवस : पुन्हा नदीवर

निघण्याच्या दिवशी पहाटे चाचांच्या बोटीने पुन्हा एक फेरी केली. बेटाजवळ गेलो तेव्हा वाळूच्या रंगाची दोन पिल्ले एका उंचवट्याच्या सावलीत सपाट पडून असलेली दिसली. त्यातल्या एकाने मान उचलली नसती तर ती माझ्या नजरेतून सुटलीच असती. आई मासा घेऊन आली. मासा पिल्लाच्या डोक्यापेक्षा लांब होता, दोनदा तो खाली पडला, वाळूने माखला, आणि तिसऱ्यांदा पिल्लाने तो डोक्याकडून धरून गिळला. त्यानंतर ते बराच वेळ हललेच नाही.

थोड्याच वेळात सगळे सुरय एकदम उडाले. त्यांच्या ओरडण्यावरून चाचांनी ओळखले की काठावर काहीतरी आले आहे. दोन कुत्री पाण्याच्या कडेला उभी होती, एक पोटापर्यंत आत शिरलेले. आडोशातून राखणदार धावत आले, ढेकळे मारली, आवाज केला, आणि कुत्री परत फिरली. पण फार लांब गेली नाहीत, बीहडाच्या तोंडाशी जाऊन बसली. नदी सुरय या सगळ्या वेळात कुत्र्यांच्या डोक्यावर झडपा घालत होते. पाणचिरे तसा जोरदार प्रतिकार करताना मला दिसले नाहीत. ते वर घिरट्या घालत ओरडत राहिले. सुरयांच्या शेजारी वसाहत करण्यात त्यांचा फायदा असावा, असे हे पाहताना वाटले.

काठावर उतरून आम्ही काठी पाहिली. दोन दिवसांत पाणी आणखी चार बोटे उतरले होते. खालच्या रेघेपर्यंत अजून वीतभर बाकी होते. राखणदारांचे गणित असे की पिल्ले उडू लागायला अजून महिना लागेल आणि पाणी याच गतीने उतरत राहिले तर बेट त्याआधीच काठाला जोडले जाईल. त्या दिवसापासून त्यांच्यापैकी दोघे रात्रीही बेटासमोर झोपणार होते. वरून अचानक पाणी सुटणार असेल तर ते आधी कळवायची कोणतीही पक्की सोय त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. कळले तरी अंडी हलवता येणार नाहीत, पण उडण्याच्या बेतात असलेली पिल्ले बेटाच्या उंच टोकाकडे सरकवता येतील, असे त्यांना वाटते. एक फोन वेळेवर येणे एवढीच ही मागणी आहे, आणि ती पूर्ण करायला नवे धरण किंवा नवा कायदा लागत नाही.

जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की हे बेट पाण्याखाली जाईल आणि पाणचिरे समुद्रकिनाऱ्यांकडे पांगतील. पुढच्या फेब्रुवारीत पाणी ओसरल्यावर नदीने वाळू कुठे टाकली आहे ते पाहत राखणदारांना काठाकाठाने फिरावे लागेल, कारण बेट दर वर्षी त्याच जागी येत नाही. नव्या बेटासमोर नवा आडोसा घालून आणि काठी पुन्हा रोवून त्यांचे काम मार्चमध्ये सुरू होईल.